तलावाकाठी निवास बांधायचाय? आधी काठ सोडा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. भुदरगड तालुक्यात एका पाटबंधारे तलावाच्या फुगवट्याला लागून घरची साडेतीन एकर जमीन आहे. वरच्या अंगाला जांभा, खाली काळं रान. उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की खालच्या पट्ट्यात गाळपेर होते, पावसाळ्यात तोच पट्टा पाण्याखाली जातो. तिथं पक्षी बघायला येणाऱ्यांसाठी सहा खोल्यांचा निसर्ग-निवास काढायचाय. आर्किटेक्टनी पाण्यात खांबांवर सहा काचेच्या खोल्या आणि त्यांना जोडणारा लाकडी पूल असा नकाशा दिलाय, कारण ‘पाण्याला जेवढं जवळ तेवढं भाडं जास्त’. तुमचे चुलते म्हणतात, पाण्यात घर बांधू नये. नकाशा बरोबर की चुलते, आणि पर्यावरणाला धरून बांधायचं म्हणजे नेमकं करायचं काय, असं विचारलंय.

चुलते बरोबर. पण नुसतं तेवढं सांगून भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. कोल्हापुरात या बांधकामाच्या धंद्यात मला सव्वीस वर्षं झाली, त्यातली बरीचशी पाण्याच्या कडेला गेली.

नकाशा काढणाऱ्यांच्या नजरेतून एक गोष्ट सुटलेली दिसते. तुम्ही गाळपेर म्हणताय. गाळपेर होते ती बहुतेक वेळा तलावासाठी संपादित झालेली, पाणी उतरल्यावर उघडी पडणारी जमीन. ती कसायला मिळते, मालकीची नसते. म्हणजे त्या सहा खोल्यांपैकी निदान काही तरी सरकारी जमिनीवर काढल्यात. आजोबांपासून आपणच पेरतोय म्हणून असा पट्टा आपलाच वाटायला लागतो, हे मी चिकार घरांत बघितलंय. सातबारा, मोजणीचा नकाशा आणि तलावाची पूर्ण संचय पातळी (तलाव काठोकाठ भरल्यावरची पाण्याची पातळी) हे तिन्ही एका टेबलावर ठेवा. घरातला अर्धा वाद तिथंच मिटेल.

कायद्याचं लवकर उरकतो. केंद्राचे २०१७ चे पाणथळ नियम अधिसूचित पाणथळीत, मागच्या दहा वर्षांच्या सरासरी पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत, होडीचा धक्का सोडून कुठलंही कायमचं बांधकाम करू देत नाहीत. सिंचनासाठी बांधलेले तलाव त्या व्याख्येतून वगळलेत. तेव्हा ‘आपल्याला ते लागू नाही’ असं कुणी सांगितलं तर कागदावर ते खरं असेल. पक्ष्यांना मात्र ही व्याख्या कुणी वाचून दाखवलेली नाही. नाशिककडचं नांदूरमधमेश्वर बघा. तोही मुळात बंधाऱ्याचा फुगवटाच, गाळ साचत साचत पाणथळ झालेला, आणि २०२० मध्ये राज्यातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून नाव लागलं ते त्याचंच. त्यामुळे ५० मीटर मी लागू असो-नसो पाळतो. जागेतून ओढा जात असेल तर त्याचंही बघा. नदीला जशी निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात, तसा विचार ओढ्यालाही लावायला हरकत नाही. गाव पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील यादीत आहे का, हे तलाठ्याकडं चौकशी करून घ्या.

आता खरा मुद्दा. पाण्याशी कसं वागावं याचा एक नमुना आपल्या जिल्ह्याच्या नावानंच ओळखला जातो, आणि आपण त्याच्यावरून रोज मोटारसायकल नेतो: कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे, म्हणजे खांबांमधल्या पाणी अडवायच्या फळ्या, काढायचे, पूर मोकळा जाऊ द्यायचा, पाऊस सरला की बरगे घालून पाणी अडवायचं. खांब तेवढे बारमाही. नृसिंहवाडीचं देऊळही त्याच समजुतीनं उभं आहे. कृष्णा-पंचगंगेचं पाणी आत येतं, पादुकांवरून जातं, दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, आणि लोक त्याला आपत्ती न म्हणता सोहळा म्हणतात. पाण्याकाठच्या कुठल्याही कामात मी पहिल्या बैठकीला एवढंच विचारतो, की यातला खांब कुठला आणि बरगा कुठला. खोल्या, स्वयंपाकघर, संडास, विजेची खोली हे खांब. ते वर, जांभ्यावर, कोरड्यात. पाण्याकडं जाणारी वाट, पक्षी बघायचं लपण, बसायचा माच, होडी बांधायचा तराफा हे बरगे. ते पाणी उतरायला लागलं की लावायचे आणि मे अखेरीला खोलून वर शेडमध्ये आणायचे. तुमच्या नकाशात सगळे बरगे बारमाही झालेत, म्हणून तो नकाशा चुकलाय.

पाण्याची खरी हद्द कुठं, हे शोधायला एक पावसाळा द्या. घाई असली तरी द्या. आजरा बाजूला अशाच एका जागेवर मी ऑगस्टात गेलो होतो. लेव्हलचं यंत्र लावून आमचं मोजमाप चाललेलं, तेवढ्यात मालकांच्या आई आल्या आणि काही न बोलता काठावरच्या जांभळाकडं बोट केलं. खोडाला छातीच्या उंचीवर वाळकं गवत, केंदाळाच्या मुळ्या आणि गुटख्याची एक फाटकी पुडी अडकलेली. त्या पुडीला पातळी लावून बघितली, तर आमच्या नकाशातल्या जोत्यापेक्षा ती सव्वा फूट वर निघाली. ‘ही गेल्या सालची,’ त्या म्हणाल्या, ‘त्याच्या आदल्या सालची वर हाय.’ आम्ही त्या दिवशी जोतं तीन फूट उचललं आणि खोल्या चाळीस पावलं मागं नेल्या.

एका खुणेवर मात्र विसंबू नका. आपल्या शहराचंच उदाहरण घ्या. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. २००५ चं पाणी बघितलेल्यांनी तीच शेवटची रेघ धरली. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, आणि दोनच वर्षांनी, २०२१ ला, ५६ च्याही वर. तलावाला सांडवा असतो, तिथं एवढी उडी बसत नाही. पण फुगवट्याच्या टोकाला, जिथं ओढा येऊन मिळतो, तिथं पाणी संचय पातळीच्या वर चढतंच. गावातल्या सगळ्यात उंच खुणेवर निदान तीन फूट, ही माझी सवय.

माझी एक चूक सांगतो, कारण तुमच्या नकाशात तीच पुन्हा दिसतेय. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी पन्हाळा तालुक्यात एका तळ्याकाठी मी पाच खोल्या केल्या. कुडाच्या भिंती, कौलं, शेणाचं सारवण, फोटो बघत राहावे असे. संडासासाठी फायबरची तयार टाकी, ३००० लिटरची, काठापासून वीस-पंचवीस फुटांवर पुरली आणि शेजारी शोषखड्डा केला. पहिल्याच जुलैत, पाहुणे यायच्या आधी, मालकांनी टाकी उपसून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी राखणदाराचा फोन: ‘सायेब, टाकी वर आलीया.’ मला वाटलं भरून वाहतेय. जाऊन बघतो तर म्हशीनं डबक्यातनं पाठ काढावी तशी अख्खी टाकी जमिनीतनं हातभर वर, पाइप तुटलेले, शेजारची फरशी उलथलेली. हिशेब शाळेतल्या पोराचा होता आणि तो मी केला नव्हता. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वरच्या थरापर्यंत आलेलं. रिकाम्या ३००० लिटरच्या टाकीला खालनं बसणारी उचल जवळजवळ तीन टन, आणि टाकीचं स्वतःचं वजन त्यापुढं काहीच नाही. शोषखड्डा तर आधीच पाण्यानं काठोकाठ भरलेला, तो शोषणार कुठं? आठवडाभर पाच खोल्यांचा मैला तळ्यात गेला.

म्हणून लोक भिंती कशाच्या विचारतात तेव्हा मी संडास कुठं ते विचारतो. काँक्रीटवर सगळे तुटून पडतात, पण पाणथळीचा जीव जातो तो सांडपाण्यानं. मैला आणि साबणातलं नत्र-स्फुरद पाण्यात गेलं की शेवाळ आणि केंदाळाला खत मिळतं, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे पालथे पडतात. रंकाळ्याचं हिरवं पाणी आणि पंचगंगेवरची जलपर्णी बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

तुमच्यासाठी मी असं करीन. शोषखड्डा नको, एकही नको. खड्ड्याचा तळ आणि भूजल यांत दोन मीटरचं अंतर असावं हा नेहमीचा दंडक, आणि पावसाळ्यात तो तुमच्या खालच्या रानात पाळणं अशक्य आहे. सेप्टिक टाकी वर, जांभ्याच्या अंगाला, बांधीव, तळाचा स्लॅब भिंतींच्या बाहेर काढलेला, म्हणजे वरची माती तिला दाबून धरते. जुलै-ऑगस्टात ती उपसायची नाही, हे टाकीच्या झाकणावर रंगवून ठेवा. टाकीतून निघालेलं पाणी वनस्पतींच्या वाफ्यात: साठ सेंटिमीटर खोल, तळाला आणि कडांना पक्कं अस्तर, आत खडी, वर कर्दळ, पाणकणीस, लव्हाळे. पाणी खडीच्या आतूनच सरकतं, वर दिसत नाही, म्हणून डासही होत नाहीत. माणशी दोन चौरस मीटर धरा. बारा पाहुणे आणि चार कामाची माणसं म्हणजे ३२, चार बाय आठ मीटरचा एक वाफा. त्यातून निघेल ते पाणी फळबागेला. तलावाला थेंबही नाही.

कोरडा संडास, म्हणजे दोन कप्प्यांचा, राख-भुसा टाकायचा, लघवी वेगळी काढणारा, हा तत्त्वानं उत्तम. पण सहा खोल्यांत शहरी पाहुण्यांकडून राख टाकून घेणं मला जमलेलं नाही आणि ज्यांना जमलं म्हणतात त्यांच्याकडं मी पावसाळ्यात जाऊन आलोय. तो लपणाजवळ आणि कामगारांसाठी ठेवा, जिथं रोजची देखरेख आहे. खोल्यांना कमी पाण्याचा फ्लश.

पाया. तुमच्या खालच्या रानातली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते आणि पावसात फुगते. तिच्यावर नेहमीचा उथळ पाया घातलात तर तिसऱ्या वर्षी दारं लागेनाशी होतात. ही हालचाल साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत चालते. त्याखाली, तळाशी फुगीर कंद केलेले पाइल घालतात, म्हणजे माती फुगली तरी खांब उपसला जात नाही. काम चांगलं, पण यंत्र रानात उतरवावं लागतं आणि ते यंत्र जाताना जेवढं पाणथळ तुडवतं तेवढं सहा खोल्याही तुडवणार नाहीत. वर जांभा असताना हा खटाटोप कशाला? जांभ्यावर घडीव दगडाची बैठक, तिच्यावर खांब, खाली हवा आणि पाणी खेळेल एवढी मोकळी जागा. खोदाई गुडघाभर.

आणि भराव घालू नका. ‘दोनशे ब्रास मुरूम टाकून रान उचलून घेऊ’ हे वाक्य मला दर वर्षी ऐकायला मिळतं. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, जवळजवळ २८०० लिटर. दोनशे ब्रास मुरमानं साडेपाच लाख लिटरवर पाण्याची जागा घेतली. ते पाणी कुठं तरी जाणार, बहुतेक शेजाऱ्याच्या भातात. पुढची वीस वर्षं बांधावरनं त्याच्याशी बोलणं बंद, हा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात धरलेला नसतो.

भिंतींना जांभा घ्या, जागेवरचाच निघत असेल तर उत्तमच. खाणीतून काढला तेव्हा मऊ असतो, हवेवर कडक होत जातो, म्हणून चिरा काढून काही दिवस ठेवून मग लावा. त्याला सिमेंटचा गिलावा करू नका. जांभा ओल पितो आणि सोडतो, वरून सिमेंटनं तोंड बांधलं की ओल आत अडकते आणि गिलावा पापडासारखा सुटतो. चिऱ्यांमधले सांधे चुन्यानं भरा, भिंत बाहेरून उघडीच ठेवा. लाकडासाठी ऐन-किंजळ तोडायला जाऊ नका, जुनी घरं उतरवताना निघणारं लाकूड आपल्याकडं मिळतं. शंभर पावसाळे खाल्लेली तुळई नव्या लाकडापेक्षा कमी वाकते.

बांबूबद्दल तुमच्या नकाशात ‘नैसर्गिक बांबू’ एवढंच लिहिलंय. नैसर्गिक बांबू दीड वर्षात पिठासारखा गळतो. एका ठिकाणी मी पलंगाच्या खांबाला नुसती बोटानं टिचकी मारली, तर भोकांतून पिवळी भुकटी चादरीवर सांडली. आदल्या रात्रीच्या पाहुण्यांनी ती हळद समजून तक्रार केली होती. भुंग्याला बांबूतली साखर आणि पिष्ट हवं असतं. म्हणून तीन-चार वर्षांचा पक्का वासा निवडायचा, पावसाळा संपल्यावर तोडायचा, आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवून सावलीत वाळवायचा. या औषधाची खोड एकच: पाण्यानं ते धुऊन निघतं. तेव्हा बांबू छपराखाली, जोत्यावर, कुडात. मातीत रोवलेला किंवा पाण्यात उभा केलेला बांबू म्हणजे औषधाचा आणि बांबूचा, दोन्हींचा नास. तुमच्या पुलाचे खांब बांबूचे दाखवलेत, ते वाचून मी चहाचा कप खाली ठेवला.

छप्पर उतरतं, वळचण निदान चार फूट बाहेर. आपल्या पश्चिम भागातला पाऊस उभा पडत नाही, आडवा येतो. जुनी माणसं पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यापुरता गवताचा आडोसा बांधतात, तो तसाच बांधा, तोही बरगाच. नुसता पत्रा घातलात तर जुलैत खोलीतल्या दोन माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येणार नाही. पत्र्यावर कौलं घाला.

आता काच. पाण्याकडं तोंड केलेल्या मोठ्या काचेत आभाळ आणि झाडं दिसतात, आणि खंड्या किंवा बुलबुल त्या आभाळात सरळ घुसतो. सकाळी पायरीवर मेलेला पक्षी, आणि आत पक्षी बघायला आलेला पाहुणा! काच हवीच असेल तर लहान, वळचणीच्या सावलीत, आणि बाहेरच्या बाजूनं दोन-दोन इंचांवर ठिपके किंवा दोऱ्या. आतून लावलेल्या एका चिकटचित्रानं काही होत नाही.

रात्री दिवे कमी, पिवळे, खाली तोंड केलेले, गुडघ्याच्या वर नकोत. तुमच्या भागात मे-जूनमध्ये काजवे असतील. त्यांचं सगळं लग्नकार्य उजेडाच्या खुणांवर चालतं, तुमच्या फ्लडलाइटपुढं नर-मादी एकमेकांना दिसत नाहीत. राधानगरीकडं लोक तिकीट काढून काजवे बघायला जातात, तुम्ही घरचे घालवून बसाल. सौर वीज, गरम पाण्याचे बंब वगैरे जरूर करा, त्यात सांगण्यासारखं विशेष नाही, फक्त बॅटऱ्या पुराच्या खुणेच्या वर.

राहिला भाड्याचा प्रश्न, आणि तो खरा आहे, कर्ज तुम्ही काढणार आहात. खोल्या मागं नेल्या तर भाडं पडेल का? माझा अनुभव असा, की पक्षी बघणारा माणूस खोलीत बसून पक्षी बघत नाही. त्याला पहाटे साडेपाचला कोरा चहा, पक्ष्यांना न दचकवणारी वाट आणि चांगलं लपण लागतं. वाट काठाला समांतर नेऊ नका, काठ अख्खाच्या अख्खा दचकतो. वरून सरळ खाली एकच वाट, दोन्ही बाजूंना कमरेइतकं गवत राखलेलं, शेवटी लपण. फळ्यांत बोटभर फट ठेवा, म्हणजे खाली उजेड आणि पाऊस पोचतो. लपणाचं तोंड उत्तरेकडं किंवा पश्चिमेकडं, सकाळचं ऊन पाठीवर. बाकी काठ टिबुकल्यांना, वारकऱ्यांना आणि जांभळ्या पाणकोंबड्यांना मोकळा. जून ते सप्टेंबर तुमचे बरगे वर शेडमध्ये असतात, आणि नेमके तेच महिने कमळपक्ष्याच्या विणीचे. तरंगत्या पानांवर त्याची अंडी असतात, तिथं होडीची एक लाटही पुरते. त्या चार महिन्यांत वरच्या खोल्या पावसासाठी भाड्यानं द्या. घाटातला पाऊस बघायला येणारे कमी नाहीत, आणि त्यांना काठ लागत नाही.

आर्किटेक्ट बदलायची गरज नाही. त्यांना नकाशा घेऊन जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस चालू असताना, जागेवर बोलवा. गमबूट तुम्ही द्या. चुलत्यांना बरोबर घ्या आणि आठवतील तेवढ्या सालांच्या पाण्याच्या खुणा झाडांवर, दगडांवर, गोठ्याच्या भिंतीवर चुन्यानं काढून घ्या, खाली साल लिहून. त्या खुणांना लेव्हल लावून आलेल्या पातळ्या मला पाठवा, मग खोल्या किती पावलं मागं ते आपण बसून ठरवू.